‘चीट’ दिसलं म्हणजे पोरगं लबाड नव्हे

सुट्टी लागली की पेण-रोह्याच्या पालकांकडून मला एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. कॉम्प्युटरचा पडदा, मधोमध इंग्रजी चौकट आणि तिच्यात ‘अँटी-चीट’ हा शब्द. मी शिकवते मराठी आणि उर्दू, पण शाळेच्या संगणक कक्षाची चावी माझ्याकडे असते, म्हणून हे फोटो माझ्या वाट्याला. यंदा रोह्याच्या एका अब्बांनी तर ‘चीट’ एवढंच वाचलं आणि नववीतल्या मुलाचा कीबोर्ड कपाटात टाकून कुलूप लावलं. मुलगा म्हणत राहिला, “अब्बा, मी काहीच केलं नाही.” बदगुमानी म्हणतात ती हीच.

अँटी-चीट म्हणजे ऑनलाइन खेळाचा राखणदार. भिंतीपलीकडचा गडी दिसावा, नेम आपोआप लागावा, अशी लबाडीची सॉफ्टवेअर मिळतात. ती पकडायला हा प्रोग्राम खेळासोबत चालतो. गरज खरी आहे. २०१८ साली शांघायच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या कॉम्प्युटरवर असं सॉफ्टवेअर सापडलं आणि त्याचा अख्खा संघ बाद झाला. पण राखणदाराचा कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तरीही तो दार उघडत नाही. मुलगा पकडला गेला असेल तर संदेशात ‘बॅन’ असतं. संपर्क तुटला असेल तर ‘कनेक्शन’ किंवा ‘टाइमआउट’. रागावण्याआधी पूर्ण ओळ वाचा.

रोह्याच्या त्या घरात दोष निघाला घड्याळाचा. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की आपण प्लग काढतो, आणि काढावाच. प्लग काढल्यावर कॉम्प्युटरचं घड्याळ आतल्या एका चपट्या, नाण्याएवढ्या सेलवर चालतं. तो संपला की तारीख काही वर्षं मागे जाते. सर्व्हर ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर हॉल तिकिटासारखी तारीख असते. कॉम्प्युटरच्या हिशेबी अजून २०१५ साल चाललेलं. त्याला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो बोलणंच बंद करतो. त्याच कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीची साइटही ‘सुरक्षित नाही’ म्हणत होती, पण दोन्ही गोष्टींचा संबंध कोणी लावला नव्हता. तारीख, वेळ आणि टाइम झोन नीट केल्यावर खेळ सुरू झाला. सेल मात्र बदलावाच लागतो, नाहीतर पुढच्या विजेला पुन्हा तेच. दुकानात बहुतेक कॉम्प्युटरांसाठी ‘सीआर २०३२’ मागा.

घड्याळ बरोबर असेल तर मुलाला विचारा, फुकटचं व्हीपीएन टाकलंय का? खेळ जलद चालावा म्हणून मुलं ते टाकतात आणि कित्येक राखणदार त्यालाच अडवतात. काढून टाका. मग पाच मिनिटं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळ लावून बघा. तिथे चालला तर गडबड घरच्या वाय-फायची. राउटर बंद-चालू करा, नाही जमलं तर केबलवाल्याला फोन. स्टीमवरचा खेळ असेल तर त्यात फाइली तपासून घेण्याची सोय आहे, तीही वापरा.

एक गोष्ट मात्र अजिबात नको. व्हिडिओत दाखवतात तसं अँटीव्हायरस बंद करून कुठलीतरी ‘फिक्स’ फाइल उतरवणं. त्याच कॉम्प्युटरवर आपल्या आधारच्या प्रती असतात, बँकेचे व्यवहार असतात. आधीच हे राखणदार विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरतात. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड तर कॉम्प्युटर सुरू होतानाच चालू होतो. तो ठेवायचा की नाही, हे आई-वडिलांनी मुलासोबत बसून ठरवावं. कॉम्प्युटर घरातल्या सगळ्यांचा आहे.

विंडोज ११ वर हा व्हॅनगार्ड ‘व्हॅन ९००३’ असा आकडा दाखवत असेल, तर त्याला सिक्युअर बूट चालू हवं आहे. ते बायोसमध्ये जाऊन बदलावं लागतं. डिस्कला बिटलॉकर लावलेलं असेल तर त्यानंतर कॉम्प्युटर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो आणि ती नसेल तर आतले फोटो, कागदपत्रं सगळं अडकतं. म्हणून मुलाला एकट्याला ते करू देऊ नका. आधी ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून वहीत लिहून ठेवा, मगच बायोस उघडा.