पंधरा वर्षं न तपासलेलं चाक

घरच्या कारचा धूर आपण पीयूसीसाठी दरवर्षी तपासून घेतो. त्याच कारचं पुढचं चाक ज्या सांध्यावर तोललेलं असतं, तो सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, मात्र गाडी शोरूममधून निघाल्यापासून पंधरा वर्षं बघण्याची सक्ती कुणावरच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि यांत्रिक तपासणीची वेळ येते ती नूतनीकरणाला. स्टँडवरच्या काळी-पिवळीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावंच लागतं. घरच्या गाडीत बसणारी लेकरं-म्हातारी माणसं काही वेगळ्या हाडामासाची नसतात. सहा-सात वर्षं झालेल्या प्रत्येक खासगी कारच्या पुढच्या बॉल जॉइंटची तपासणी दरवर्षी सक्तीची करावी, आणि सुरुवात वाशीमसारख्या जिल्ह्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

वाशीमच का, ते इथल्या रस्त्यांवरून कळतं. बॉल जॉइंटची रचना आपल्या खुब्यासारखी असते. पोलादी गोळा वाटीत बसवलेला, आत ग्रीस, वरून रबरी बूट. खड्ड्यात चाकाला धरणारा खालचा आर्म वर-खाली होतो आणि त्याच वेळी स्टीअरिंगने चाक वळतं. या दोन्ही हालचाली हा एकच सांधा सोसतो. जोवर बूट शाबूत आहे, तोवर तो वर्षानुवर्षं टिकतो. बुटाला चीर गेली की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. सोयाबीनच्या हंगामात रिसोड-मानोऱ्याकडच्या पांदण रस्त्यांवरून निघालेल्या गाडीखाली वाकून बघा: काळ्या मातीचा लेप आर्मवर थापलेला असतो, त्यात मुरमाची कच. हे मिश्रण ग्रीसमध्ये मिसळलं की गोळा पॉलिश पेपरने घासल्यासारखा झिजत जातो. आणि सकाळी पांदणीत हेलकावे खाल्लेली तीच गाडी दुपारी शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढते. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि जून २०२५ पासून रस्ता नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंत सलग ७०१ किलोमीटर झाला आहे. गावातल्या खड्ड्यात वाटीतून गोळा निसटला तर चाक बाहेर फाकतं, मडगार्ड चाकावर टेकतं आणि गाडी जागेवर बसते. १२० च्या वेगात तेच घडलं तर त्या चाकावर स्टीअरिंगचा काही अंमल उरत नाही.

घासलेल्या टायरच्या गाड्यांना समृद्धीवर अडवण्याची मोहीम परिवहन विभागाने २०२३ मध्ये हाती घेतली, ते योग्यच झालं. पण टायर एका कडेनेच का झिजला, हा पुढचा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. सांध्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की चाकाचा कोन हलत राहतो आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो. मालक नवा टायर टाकतो, परत पाठवलेली गाडी महामार्गावर येते आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

तपासणी अवघड असती तर माझा आग्रह इतका नसता. गाडी जॅकवर घ्यायची, खाली स्टँड लावायचा, टायर वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवायचा. मग टायरखाली टॉमी घालून चाक उचलून बघायचं आणि दुसऱ्याने नजर सांध्यावर ठेवायची. आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यात हालचाल दिसली की निदान झालं. एकच खबरदारी: ज्या जीपमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे जॅक त्या आर्मखालीच लावावा लागतो. तसं केलं नाही तर स्प्रिंगचा दाब सांध्याला घट्ट धरून ठेवतो आणि झिजलेला सांधाही धडधाकट वाटतो. दोन्ही बाजूंना मिळून पंधरा मिनिटं लागतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो रस्त्यांचा. रस्ते नीट करा, मग आमच्या गाड्या तपासा. रागाचं कारण खरं आहे आणि पांदण रस्त्यांचा हिशेब शासनाने दिलाच पाहिजे. पण उद्या सगळे रस्ते गुळगुळीत झाले तरी गेल्या दहा पावसाळ्यांत झिजलेला गोळा भरून येणार नाही. दुसरा आक्षेप असा, की सांधा आधी आवाज करतो, चालकाला कळतंच. अनेकदा कळतं. पण खडखड रोजची झाली की कान ती ऐकेनासा होतो, आणि लिंक रॉडचा, बुशचा, शॉकअपचा आवाजही तसाच येतो. चालकाने अंदाजाने त्यातलं धोक्याचं काय ते ओळखावं, ही अपेक्षा चुकीची आहे. सर्वांत वजनदार आक्षेप भ्रष्टाचाराचा आहे: आणखी एक कागद म्हणजे आणखी एक एजंट. म्हणूनच ही तपासणी आरटीओच्या खिडकीवर नको. जिथे मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो अशा आयटीआयमध्ये आणि मान्यता दिलेल्या गॅरेजमध्ये ती व्हावी, आणि चाक हलवतानाचा व्हिडिओ गाडीच्या नंबरासह नोंदीत जोडावा. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी आणि जपानमध्ये पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी खासगी कार तपासली जाते. आपल्याकडे खड्डे जास्त असताना मुदत पंधरा वर्षांची असावी, याला काही तर्क नाही.

खर्चाचं म्हणाल तर जुनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला तो जाणवेल, हे मान्य. काही गाड्यांत सांधा आर्ममध्येच रिव्हेट केलेला असतो, मग अख्खा आर्म बदलावा लागतो. तरीही खरं नुकसान बदलीपेक्षा अर्धवट बदलीत होतं. वाकवून सरळ केलेली जुनी स्प्लिट पिन परत घालणं, सेल्फ-लॉकिंग नट पुन्हा वापरणं, चाक हवेत लोंबकळत असतानाच आर्मच्या बुशचे बोल्ट आवळणं, ज्यामुळे गाडी खाली येताच रबर पिळवटून फाटायला लागतं. आणि शेवटी अलाइनमेंट न करताच गाडी हाती देणं. गरिबाचा पैसा इथे दोनदा जातो. म्हणून तपासणीच्या नोंदीत डावा, उजवा, प्ले आहे की नाही, बूट फाटला आहे की नाही एवढ्या रकान्यांबरोबर, सांधा बदलला असल्यास नवे नट-पिन आणि अलाइनमेंटचा रकानाही हवा, आणि त्याखाली काम करणाऱ्या मिस्त्रीची सही.