शत्रू कोण, हे ठरवायचे कुणी?

"युद्धात पकडलेल्या शत्रूला कसले आले हक्क?" असे विचारणारे पकडलेला माणूस शत्रूच आहे हे आधीच धरून चालतात. वाद तर तिथेच आहे!

लखदर बुमेदिएन रेड क्रेसेंटचा कर्मचारी. तो रणांगणावर नव्हे, बोस्नियात पकडला गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सोडा म्हणून सांगितले. तरी जानेवारी २००२ मध्ये त्याला अमेरिकेच्या हवाली करून ग्वांतानामोला नेले. तिथल्या कैद्यांना न्यायालयात दाद मागण्याचा घटनात्मक हक्क आहे, एवढेच मान्य व्हायला १२ जून २००८ उजाडला. तेही ५ विरुद्ध ४ मतांनी! त्याच नोव्हेंबरात न्यायाधीशाने पुरावा तपासला आणि सहांपैकी पाच जणांना सोडण्याचा आदेश दिला. बुमेदिएन त्या पाचांत होता. अटक आधी, पुरावा सात वर्षांनी!

बाबासाहेबांनी आजच्या कलम ३२ ला घटनेचा आत्मा म्हटले ते याचसाठी. दाद मागण्याचे दारच बंद असेल तर बाकीचे हक्क कागदावर राहतात. आणीबाणीत, १९७६ साली, आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांसाठी ते दार बंद केले होते. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे खन्ना विरोधात उभे राहिले.

ग्वांतानामोचा तुरुंग अजून चालूच आहे.