दूर समुद्राची सबब

"प्लास्टिकची काळजी मुंबई, मनिला, जकार्ता या किनाऱ्यावरच्या शहरांनी करावी, मुकुंदवाडीला कुठे समुद्र आहे?" प्लास्टिकचा विषय काढला की छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्याचे म्हणणे चूक आहे आणि ती चूक आपल्याला महाग पडते आहे.

आधी अंतराचे पाहू. मुकुंदवाडीच्या बाजूचे नाले सुखना नदीकडे वाहतात. सुखना दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. गोदावरी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. यावर म्हटले जाते की प्रत्येक पिशवी काही तिथवर पोचत नाही. खरे आहे, बऱ्याच पिशव्या वाटेतच अडकतात. पण अडकलेली पिशवी म्हणजे तुंबलेला नाला, पावसाळ्यात घरात शिरलेले पाणी, उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटातला गोळा. पोचली तर समुद्राचे नुकसान, न पोचली तर आपले.

दुसरा आक्षेप असा की लोकांच्या मोहिमा म्हणजे नुसता देखावा. मुंबईतल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी 2015 मध्ये सफाई सुरू केली, हजारो हात लागले, तरी भरतीबरोबर कचरा परत येतोच ना? येतो. पण भरती कचरा तयार करत नाही, आपण सोडलेलाच परत आणून टाकते. म्हणून किनारा झाडणे व्यर्थ ठरत नाही. कचरा जिथे हातातून सुटतो तिथे त्याला धरले पाहिजे, एवढेच ठरते.

तिसरा आक्षेप: कायदा आहे, महापालिका आहे, आम्ही काय करायचे? राज्याने 23 मार्च 2018 रोजी बंदी आणली, केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर. तरी बाजारात पावशेर मिरचीला आजही पातळ पिशवी मिळते. भाजीवाल्या मावशी सांगतात, "पिशवी नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं." कायदा अडतो तो इथे, या दोन गाड्यांच्या मधे. आणि सगळे महापालिकेवर सोडले की काय होते, तेही या शहराने पाहिले आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये मांडकीच्या गावकऱ्यांनी नारेगावचा कचरा डेपो बंद पाडला. रस्तोरस्ती ढीग साचले, मार्चमध्ये मिटमिट्यात कचरा टाकण्यावरून दगडफेक झाली. आपण ज्याला 'बाहेर' म्हणत होतो, ते कुणाचे तरी गाव होते.

मग करायचे काय? एका रांगेतल्या सगळ्या भाजीवाल्यांनी एकाच दिवसापासून पिशवी बंद करावी, म्हणजे गिऱ्हाइकाला पुढची गाडीच उरणार नाही. बचत गटांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून तिथेच अनामत घेऊन द्याव्यात. दुधाची पिशवी धुऊन वाळवली की भंगारवाला घेतो. त्याच पिशवीत उरलेली भाजी बांधली की ती कुणीच घेत नाही. गुटख्याच्या आणि शॅम्पूच्या पुड्या मात्र आपल्या माथी मारू देऊ नयेत: प्लास्टिक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे, आणि तिचा हिशेब आपण मागायचा आहे. याच शहरातल्या खाम नदीच्या सफाईच्या कामात महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि नागरिक एकत्र आले. सुखनेसाठी का येऊ नयेत?

उद्या बाजाराला निघताना खुंटीवरची कापडी पिशवी घ्या. भाजीवाल्या मावशींना "पिशवी नको" हे तुम्हीच आधी सांगा.