बाईच्या कव्वालीची चाल कुणाच्या नावावर?

एप्रिल जवळ आला की कुंभार पिंपळगावात आणि घनसावंगी तालुक्यातल्या गावोगावी जयंतीच्या बैठका सुरू होतात. पहिला प्रश्न डीजे कितीला पडतो हा. अशा बैठकांत आम्ही दरवेळी म्हणतो, एखादी बाई कव्वाल बोलवा, पूर्ण रात्र द्या, पूर्ण मानधन द्या. मग कुणीतरी उठतो : "कव्वाली दर्ग्यातली. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर आपला तिच्याशी संबंध काय?"

प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. पीर-औलियापुढे माथा टेकायचा नाही, हे मान्यच. पण आपल्या चळवळीने कव्वालीतला पीर घेतला नाही, तिची टाळी घेतली. एकाने ओळ टाकायची, साथीदारांनी उचलायची, समोरच्या शेकडो लोकांनी ती परत परत म्हणायची. अक्षरओळख नसलेल्या वस्तीपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचवायला याहून सोपं साधन कुठलं होतं? प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी हा बाज चौकाचौकांत नेला. सुषमादेवी, वैशाली शिंदे यांचे आवाज ऐकत आपल्या आया-मावश्या मोठ्या झाल्या.

यात बाईचा मुद्दा कुठे येतो ते बघा. आपल्या मराठवाड्यातल्या खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. चिश्ती परंपरेतले हे सूफी चौदाव्या शतकात इकडे आले, आणि समा म्हणजे गाण्याच्या मैफलीवर त्यांचं फार प्रेम होतं. पण दर्ग्याच्या मैफलीत गाणारे पुरुषच राहिले. बाईच्या वाट्याला आलं जातं. दख्खनीत सूफींचे चक्कीनामे आहेत, दळताना म्हणायची गाणी. रचणाऱ्यांत नावं सापडतात ती पुरुषांची. पहाटे दळताना ज्या बायकांनी त्यांना चाल दिली, शब्द इकडचे तिकडे केले, त्यांची नोंद कुणी ठेवली? आपल्याकडेही तेच. गोदावरीपलीकडच्या माजलगावात भीमनगरच्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या 1990च्या दशकात अभ्यासकांनी ध्वनिमुद्रित केल्या म्हणून टिकल्या. आमच्या आजीच्या ओव्या आजीबरोबर गेल्या.

म्हणून शकीला बानो भोपाली हे नाव आपल्या पोरींना माहीत असायला हवं. भोपाळची ही गायिका मुंबईत आली आणि दर्ग्याबाहेर, तिकीट लावलेल्या रंगमंचावर कव्वाली करू लागली. पहिली महिला कव्वाल म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिच्याआधी बायकांनी कव्वाली गायलीच नव्हती असं नाही, 1945च्या 'झीनत' चित्रपटात नूरजहाँ, जोहराबाई यांची गाजलेली कव्वाली आहे. पण शकीला बानो स्वतः शायरी करायची, स्वतःची पार्टी चालवायची आणि पुरुष कव्वालांशी मुकाबला करायची. हजारो लोकांसमोर पुरुषाने टाकलेल्या शेराला बाई तिथल्या तिथे उलटं उत्तर देते, ही गोष्ट तेव्हा साधी नव्हती. आज तरी कुठे आहे? लिहिणाऱ्यांनी मात्र तिच्या शायरीपेक्षा अदांवरच जास्त शाई खर्च केली. 1984च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडचा वायू भोपाळवर पसरला, त्यात तिचा आवाज गेला. पुढे अठरा वर्षं ती जगली, डिसेंबर 2002 मध्ये मुंबईत वारली. जिची कमाई गळ्यावर होती तिने ही वर्षं कशी काढली असतील, याचा हिशोब मांडून बघा.

आता आपल्या घरातलं. आमच्या भागातल्या एका गावात जयंतीला एका मुलीने रमाईवर कव्वाली गायली. शब्द तिचे, चालही तिची. दिवसा ती कापूस वेचायला जाते. तिला दहा मिनिटं दिली, तीही डीजेची गाडी यायला उशीर झाला म्हणून. कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. पुढच्या वर्षी तीच चाल दुसऱ्याच्या आवाजात, खाली दणदणता बेस घालून, मिरवणुकीत वाजली. त्या मुलीने आम्हाला विचारलं, "दादा, हे माझंच आहे हे मी कुणाला सांगू?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. समाजशास्त्रात एमए करून, श्रमाच्या शोषणावर भाषणं ठोकून, उत्तर नव्हतं!

नंतर माहिती काढली. कॉपीराइट कायदा 1957चा आहे. 2012च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क पक्का केला. कंपनीने सही घेतली तरी हा वाटा लिहून घेता येत नाही. पण चाल आपली आहे हे दाखवायला तारीख लागते, कागद लागतो. गायनाचं नाव होतं, रचनेचं होत नाही, आणि मालकी ठरते ती रचनेवर.

यंदा आम्ही बैठकीत दोन गोष्टी मांडणार आहोत. वर्गणीतला ठरावीक हिस्सा गाणाऱ्या-रचणाऱ्या बाईच्या मानधनासाठी आधीच बाजूला काढायचा, उरलं तर द्यायचं असं नको. आणि एक जाड वही आणायची : गाणं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. पहिल्या पानावर त्या मुलीची रमाईवरची कव्वाली येईल. तिच्या तोंडून ती ऐकलेले दोघं सही करायला तयार आहेत.

जय भीम.