पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेलचं काळीज

कल्याणहून मुरबाडकडे जाताना अजूनही कधीकधी एखादी जुनी जीप दिसते. नाक विलीज घराण्याचं, आवाज मात्र ट्रॅक्टरचा. आरसीबुकात ती पेट्रोलची असते, बॉनेटखाली डिझेलची. अशा गाडीला लोक कौतुकाने ‘जुगाड’ म्हणतात. हे कौतुक मला अपुरं वाटतं. जुगाड म्हटलं की मिस्त्रीचं डोकंही विसरलं जातं आणि मालकाची जबाबदारीही.

ही जीप आली कुठून ते आधी पाहू. १९४५ मध्ये लुधियान्यात निघालेल्या कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पाटीवर ‘मोहम्मद’च्या जागी दुसरे ‘महिंद्रा’ आले. (गाडीखाली पाठीवर झोपून नट आवळणारे मोहम्मद मात्र आजतागायत कमी झालेले नाहीत, हे जाता जाता.)

त्या जीपचं हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं, साधारण २.२ लिटरचं. दणकट, पण पेट्रोल पिणारं. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते पोसणं शेतकऱ्याला आणि वडाप करणाऱ्याला परवडेना. डिझेल बरंच स्वस्त होतं. मग गॅरेजांमध्ये इंजिनं बदलायला लागली. कंपनीनेही तेच केलं: १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजोशी एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा करार झाला आणि ते इगतपुरीला बनू लागलं. कंपनीने केलं ते तंत्रज्ञान आणि मिस्त्रीने केलं तो जुगाड, हा न्याय मला कधीच कळला नाही.

तरीही दोन्हींत एक फरक आहे. कंपनी नुसतं इंजिन बदलत नाही, त्याच्याभोवतीची गाडीही बदलते. गॅरेजात मालकाचे पैसे अनेकदा इंजिन खाली बसलं की संपतात. अशा गाडीसोबत रोज राहिलेल्याला बाकीचं समजतं. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग हाताला जड लागतं. हादरे इतके की फाउंडेशन रबर चुकीचा असेल तर ब्रॅकेटला तडा जातो. स्टार्टरला मोठी बॅटरी हवी, थंडीत हीटर प्लग हवा. आणि डिझेल इंजिन पेट्रोलसारखा व्हॅक्यूम देत नाही, म्हणून ब्रेकला बूस्टर लावायचा तर व्हॅक्यूम पंप वेगळा बसवावा लागतो. वजन वाढलं आणि ब्रेक जुनेच चार ड्रम, ही गाडी माळशेज घाट उतरताना कशी वागेल याचा विचार इंजिन आणायच्या आधी करायचा असतो.

वेगाचं गणित तर कागदावर मांडता येतं. जुन्या जीपच्या डिफरन्शियलचा रेशो ५.३८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे. टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ट्रॅक्टरच्या जातीचं, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर दमणारं इंजिन बसवलं तर टॉप गिअरमध्ये गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आसपास थांबते. त्यापुढे नुसता आरडाओरडा. म्हणून चांगला मिस्त्री आधी विचारतो, ‘गाडी चालवायची कुठं?’ शेतात, ओढ्यात, पावसाळी कच्च्या रस्त्यावर चालवायची असेल तर डिझेलसारखं सुख नाही. स्पार्क प्लग नाही, डिस्ट्रिब्युटर नाही, पाण्याच्या शिंतोड्याने बंद पडायचा प्रश्न नाही. हायवेवर मिरवायची असेल तर पैसे वाचवा.

पैशाचं कारणही आता पातळ झालंय. २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले. मुंबई-ठाणे पट्ट्यात दोन्हींतला फरक लिटरमागे पंधरा रुपयांच्या आत आलाय. महिन्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्या जीपचा खर्च त्यातून कधी वसूल होणार?

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीबुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जो बदल चालतो तोही १४ दिवसांत नोंदवावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न आरसीबुकाचाच असतो. समोरच्या माणसाच्या भरपाईचा हा मामला आहे, मालकाच्या हौसेचा नाही. म्हणून ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण कायदाही अर्धाच विचार करतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेलं किट बसवून गाडी सीएनजीवर नेता येते, बॅटरीवरही नेता येते. चाळीस वर्षांच्या जीपमध्ये दुसरं चांगलं इंजिन बसवून, ब्रेक-वजन-धूर तपासून घ्यायला तयार असलेल्या मालकासाठी मात्र असा सरळ दरवाजा नाही. मग तो मागच्या दाराने जातो आणि काम करणारा मिस्त्रीही त्याच्यासोबत गुन्ह्याच्या सावलीत उभा राहतो.

या मिस्त्रींमध्ये आपली माणसं किती आहेत ते सांगायला नको. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की मुस्लिम पुरुषांचं प्रमाण वाहनदुरुस्तीत ठळक आहे. उस्तादाच्या हाताखाली दहाव्या वर्षी पाना धरलेला पोरगा विसाव्या वर्षी आवाजावरून इंजेक्टर ओळखतो. आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ कोर्स एका वर्षाचा, पण त्याला दहावी पास लागते आणि याची शाळा सातवीत सुटलेली. आहे त्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजना आहे, ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ नावाची. आपल्या जमाती आणि ट्रस्ट शिष्यवृत्त्या वाटतात, त्या इंजिनिअरिंगच्या मुलांना. वाटाव्यातच. त्याच हॉलमध्ये एखाद्या रविवारी कल्याण-भिवंडीच्या गॅरेजमधली पोरं बोलावून हे फॉर्म भरून घ्यायला किती खर्च येईल? आणि दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्याच टेबलावर ठेवायला?