सातबारा खरा, तर पाकीट कशाला?

पालेगावात आता इतके टॉवर उभे राहिले आहेत की प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला एकेक विचारवंत आला आहे. आमच्या वाट्याचे गृहस्थ औषधविक्रीच्या धंद्यातून निवृत्त झालेले. परवा ज्येष्ठांच्या बैठकीत पाऊण तास बोलले. सार एवढेच: पेटंटवाल्या कंपन्या जेनेरिकवाल्यांना पैसे देऊन बाजारात उशिरा यायला लावतात, ही ओरड खोटी आहे. तो साधा समेट. कोर्टकचेरी वाचते, पेटंट टिकते, पेटंटावर संशोधन जगते. स्वस्त गोळी काय, चार वर्षांनी येतेच. आणि जेनेरिक म्हणजे तरी काय, उल्हासनगरचा माल! हशा झाला, चहा आला.

चहा मीही घेतला. हसू मात्र आले नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत माझी बावीस वर्षे रिअ‍ॅक्टरपाशी गेली. एकाच बॅचचे ड्रम दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने गेटबाहेर जाताना मी पाहिले आहेत, त्यामुळे उल्हासनगरचा विनोद मला ऐकवू नये. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या लहानपणीच शिळा झाला होता. खुद्द खऱ्या यूएसएत डॉक्टरांच्या दहापैकी नऊ चिठ्ठ्यांवर जेनेरिकच दिले जाते. तिथल्यांना चालते, आमच्या क्लबहाउसला चालत नाही.

आता त्या 'समेटा'कडे येऊ. पालेगावच्या माणसाला जमिनीच्या भाषेत सांगितले की चटकन कळते. एकजण म्हणतो, ही जमीन माझी, हा बघा सातबारा. दुसरा म्हणतो, तुझा फेरफारच खोटा आहे, चल तहसीलदारापुढे. रीतीप्रमाणे घुसखोराने मालकाला भरपाई द्यायची. पण इथे होते उलटे! सातबारावालाच रात्री समोरच्याच्या घरी जातो, पाकीट ठेवतो आणि म्हणतो, बाबा, पाच वर्षे गप्प बस. सकाळी ही बातमी पारावर पोचली तर गाव काय म्हणेल? समेट झाला म्हणेल? गाव म्हणेल, सातबाऱ्यात पाणी आहे. आणि पाकिटातले पैसे आले कुठून? त्या जमिनीवरच्या विहिरीचे पाणी गावालाच विकून.

ही कल्पना नव्हे. पेरिंडोप्रिल ही रक्तदाबाची गोळी. फ्रान्सच्या सर्व्हिए कंपनीची. मूळ रेणूचे पेटंट संपत आले, तेव्हा कंपनीने दुय्यम पेटंटांचे कुंपण घातले. जेनेरिक कंपन्या त्या कुंपणावर खटले घेऊन गेल्या, आणि 2005 ते 2007 या काळात एकेक करून पैसे घेऊन परतल्या. चार वर्षे पदरात पडली हे मोठेच यश, अशा अर्थाची नोंद कंपनीच्याच कागदांत निघाली. एक कंपनी मात्र परतली नाही. तिने ब्रिटनमध्ये पेटंट रद्द करून घेतले आणि तिथे गोळीची किंमत सरासरी 90 टक्क्यांनी कोसळली. म्हणजे समेट झालेल्या त्या कुंपणाची खरी ताकद एवढीच होती. 2014 साली युरोपीय आयोगाने सगळ्यांना मिळून 42.77 कोटी युरोंचा दंड केला. परतलेल्यांच्या यादीत दोन नावे आपल्या मुंबईची आहेत: ल्युपिन आणि युनिकेम. त्यांची अपिले युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने 27 जून 2024 रोजी फेटाळली. जेनेरिक कंपनी म्हणजे गरिबांची कैवारी, असे मानणाऱ्या माझ्यासारख्यांनाही ही चपराक आहे, आणि ती मी मुकाट्याने खातो.

अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालयही 2013 साली म्हणाले की असे उलट्या दिशेचे पैसे स्पर्धा कायद्याच्या कसोटीवर तपासता येतात. आमच्या विचारवंतांना हे माहीत नसेल असे नाही. चहा गार झाला असता, म्हणून राहिले असेल.

'चार वर्षांनी येतेच'बद्दल एका वाक्यात: रक्तदाब चार वर्षे थांबत नाही.

संशोधनाचे तुणतुणे जुने आहे. 2005 साली आपल्याकडे औषधाच्या रेणूवर पुन्हा पेटंट मिळू लागले, तेव्हा याच सुरात कुणीतरी मला समजावले होते की भाव चढणार नाहीत. मग सोराफेनिब आले. कर्करोगाचे औषध, बायरचे, महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपये. मार्च 2012 मध्ये मुंबईतच पेटंट नियंत्रकांनी नॅटकोला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध 8,880 रुपयांवर आले. मधले पावणेतीन लाख संशोधनाचे होते असे ज्यांना म्हणायचे त्यांनी म्हणावे.

मग माझे म्हणणे काय? फार मोठे नाही. वीस वर्षांचे पेटंट घ्या, सुखाने खा. एकविसावे वर्ष मागू नका. अमेरिकेत 2003 पासून असे करार सरकारी यंत्रणेकडे दाखल करावे लागतात. आपल्या स्पर्धा आयोगाकडेही ते आपोआप जावेत. आणि पेटंट मिळण्याआधी हरकत घेण्याची जी वाट आपल्या कायद्यात आहे, ती मोकळी राहावी. कारण पाकीट देऊन कंपनीला गप्प करता येते, रुग्णाला करता येत नाही. बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाच्या क्षाररूपावर जॉन्सन अँड जॉन्सनला 2027 पर्यंत पेटंट हवे होते. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचलेल्या. जुन्या इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. 23 मार्च 2023 रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या उपचाराचा भाव निम्म्याहून खाली, 130 डॉलरवर आला.

पुढच्या मार्चमध्ये नियम बदलले. तशा हरकतीला आता फी लागते, आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रक आधी ठरवतात.