निळ्या उजेडामागचा हिशेब

कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या की मोबाइल बाहेर निघतात. हा उजेड बहुतेकदा नॉक्टिल्युका या सूक्ष्म प्लवकाचा. हौस समजण्यासारखी, पण खोल समुद्रातला त्याचा हिरवा भाऊबंद मासेमारीला धार्जिणा नाही. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याचे कोरडे वारे वरचे पाणी गार, जड करतात. ते बुडते, खालचे नायट्रेट वर येते आणि डायटम ही सूक्ष्म शैवाले फोफावतात. त्यांच्यावर कोपेपॉड हे इवले कवचधारी जीव, त्यांच्यावर मासे, अशी ही जुनी खानावळ. 2000 नंतर तिथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे बहर वारंवार दिसू लागले. पोटात हिरवे सहजीवी बाळगणारा हा जीव डायटमही गिळतो. त्याला खाणारे मुख्यतः साल्प हे जेलीसारखे जीव आणि जेलीफिश.

कारण काय? 2014च्या एका शोधनिबंधाने प्राणवायूच्या तुटवड्याकडे बोट दाखवले; 2018मध्ये भारतीय संशोधकांनी तसा तुटवडा नसलेल्या पाण्यातही हे बहर नोंदवले. हा वाद नुसत्या उपग्रहचित्रांवर मिटणारा नाही. दर हिवाळ्यात जहाज न्यावेच लागेल. त्यासाठी गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966पासून उभी आहेच. मत्स्यबंदरांवर सिमेंट ओतताना हात आखडता न घेणाऱ्या सरकारांनी या फेऱ्यांचा खर्चही सलग दहा वर्षांसाठी बांधून द्यावा.